दशकस्थानी पाच, दशक मात्र पंचवीस

253 या संख्येत दशक किती? तिसरीच्या वर्गात हा प्रश्न टाकला की भराभर हात वर होतात आणि उत्तर एकच येते: पाच. पालकांना विचारा, पाच. मे महिन्यात गावी आलेल्या चाकरमान्यांना विचारा, तेही पाच, वर 'हे काय विचारता' असा चेहरा. हीच माणसे दहाच्या नोटांत 253 रुपये द्यायचे झाले तर पंचवीस नोटा आणि वर तीन रुपये बिनचूक मोजतात.

दशकस्थानी कोणता अंक आहे, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर पाच. संख्येत एकूण दशक किती, हा दुसरा. त्याचे उत्तर पंचवीस, कारण दोन शतकांच्या पोटात वीस दशक आहेत. सरावाच्या कागदांवर दोन्हींसाठी 'दशक किती?' एवढेच छापतात आणि मग पंचवीस लिहिणाऱ्या पोरावर लाल फुली मारतात. मला याचा मनस्वी राग येतो.

अंक आणि संख्या, दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत, हे सगळ्यांना येते. 253 मधल्या 5 ची दर्शनी किंमत 5, स्थानिक किंमत 50, झाले. यावर आठवडे घालवू नयेत. स्थानिक किंमत अचूक सांगणारे मूलही दशक पाचच म्हणते, कारण ती एकट्या अंकाची असते आणि आपण विचारतोय अख्ख्या संख्येबद्दल.

घोळ रुजतो कुठे, तर पहिली-दुसरीत. 47 मध्ये दशकस्थानी चार आणि एकूण दशकही चारच. 99 पर्यंत दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच येत असल्याने त्या वयात फरक दिसणे शक्यच नाही. मूल दोन वर्षे बरोबर उत्तरे देत देत चुकीचा अर्थ पक्का करते. शंभर ओलांडले की दोन्ही वाटा फुटतात, पण तोवर आपण तिसऱ्या घराचे नाव शिकवून पुढे गेलेलो असतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा केवढी भांडणे झाली! संख्या कशी वाचावी यावर सगळे बोलले. संख्येच्या आत काय आहे, ते राहूनच गेले.

फरक कळला नाही तर अडते कुठे, ते वजाबाकीत बघा. 302 मधून 48 वजा करायचे. काही मुले वरखाली न बघता मोठ्यातून लहान काढतात आणि 346 लिहितात. काही जण दशकाच्या घरात शून्य बघून थांबतात: 'बाई, दशकच नाहीत.' मग आपण शतकाकडे जा, तिथला एक आण, शून्याचे दहा कर, त्यातला एक पुढे दे, अशी खाडाखोड करायला लावतो. शिकवणाऱ्यालाही दम लागतो. पण 302 मध्ये तीस दशक आहेत हे ज्याला दिसते, तो एक दशक सोडतो. उरले एकोणतीस दशक आणि बारा एकक. बारातून आठ गेले, चार. एकोणतीसमधून चार गेले, पंचवीस. उत्तर 254, खोडरबर न लागता.

भागाकारातही तेच. 312 भागिले 12 करताना '3 ला जात नाही, 31 घ्या' असे आपण सर्रास म्हणतो. हे 31 आले कुठून? 312 मधले एकूण दशक ते. बारा जणांना प्रत्येकी दोन दशक दिले, सात उरले, त्यांचे सत्तर आणि वरचे दोन मिळून बहात्तर एकक, प्रत्येकी सहा. उत्तर 26. '31 घ्या' ही निव्वळ आज्ञा राहिली, तर चौथीत पोर भागाकाराला घाबरते यात नवल ते काय?

साहित्य आपल्याकडे दारातच पडलेले असते. माडाच्या झापाचे हीर, म्हणजे झावळीच्या पात्यांतल्या काड्या, वाढवणीसाठी (खराट्यासाठी) काढतातच, त्यातले सारख्या लांबीचे घ्या. दहा-दहाच्या जुड्या केळीच्या सोपाने (खोडाच्या सालीने) बांधा आणि अशा दहा जुड्यांचा एक मोठा भारा. महत्त्वाची गोष्ट एकच: भारा मुलांसमोर सोडायचा. शंभर सुटे हीर एकत्र बांधून 'हा शतक' म्हणणे मला मुळीच पसंत नाही, कारण मग भाऱ्याच्या आत जुड्या दिसत नाहीत. आर्यभटाने इ.स. 499 च्या ग्रंथात सांगितले तेही हेच, की प्रत्येक स्थान आधीच्याच्या दसपट. शतक म्हणजे दहा दशक, हे डोळ्यांना दिसायला हवे.

एकक बोटाने झाकून उरलेले वाचण्याची युक्ती मात्र इतक्यात सांगू नका. उत्तर बरोबर येईल, पण पंचवीस कसले, हे मुलाला सांगता येणार नाही. त्यापेक्षा आंब्यांकडे वळा. 75 आंब्यांत डझन किती, हे हंगामात घरच्यांना मदत केलेले मूल पटकन सांगते: सहा डझन, वर तीन. तिथे ते एकूण डझनच मोजते, कारण डझनाला कागदावर घर नसते. त्याच दमात 75 मध्ये दशक किती, मग 175 मध्ये किती, असे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला 'सात' आले, तर भारा पुन्हा सोडा.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती: 'दशकस्थानी कोणता अंक?' किंवा 'एकूण दशक किती?' असे पुरते लिहा. जागा वाचवायची असेल तर वरचे चित्र काढून टाका.