टम्बलिंग (कॉलेज चीअरलीडिंग)

टम्बलिंग : कोणत्याही साधनाचा आधार न घेता जमिनीवर मारायच्या कोलांट्यांची कसरत. अमेरिकेतील बऱ्याच कॉलेजांच्या चीअरलीडिंग संघात शिरायचे तर ती यावीच लागते. २००८ पासून आयपीएलमध्ये सीमारेषेजवळ नाचणाऱ्या मुली पाहिलेल्या आपल्या वाचकाला हे पटकन पटणार नाही. पण तो नाच होता, आणि हे जिम्नॅस्टिक्सचे सख्खे भावंड आहे. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेलने अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या, तेव्हा सगळा मामला घशाचाच होता. कोलांट्या त्यात शिरल्या १९२०च्या दशकात.

टम्बलिंग उभ्या जागेवरून होते किंवा धावत येऊन. धावत येणारा आधी ‘राउंडऑफ’ मारतो. हे हातांवरून जाणारे चक्रच, पण शेवटी दोन्ही पाय एकत्र येतात आणि तोंड आलेल्या दिशेला वळते. पुढे धावण्याचा वेग असा मागे जाण्याच्या कामी येतो.

शिकण्याचा क्रम साधारण ठरलेला : साधी कोलांटी, हातांवर उभे राहणे, चक्र, राउंडऑफ. इथवर फारसे कोणी अडत नाही. खरी अडचण ‘बॅक हँडस्प्रिंग’ला, म्हणजे मागे झेप घेऊन हातांवरून पायांवर येण्याला. मागे खुर्ची आहे असे समजून बसायचे, तोल जातोय असे वाटले की पाय झटकायचे, हात कानांशी. नवशिका हमखास दोन चुका करतो : गुडघे बोटांच्या पुढे नेतो, म्हणजे उडी मागे न जाता जागच्या जागी वर जाते, आणि घाबरून मान आधी मागे टाकतो. म्हणून सुरुवात उताराच्या गादीवर. प्रशिक्षक शेजारी गुडघा टेकून बसतो, एक हात कमरेमागे, दुसरा मांडीमागे.

पुढचा टप्पा ‘बॅक टक’, हात न टेकता मारलेली मागची कोलांटी. अनेक मोठ्या संघांच्या निवडीत ती उभ्या जागेवरून मागतात. आधी सरळ वर उडायचे, मग गुडघे छातीशी घ्यायचे. अंग जितके आवळले तितकी गिरकी वेगात. घाई करून गुडघे आधी ओढले की उंचीच मिळत नाही.

जिममधली स्प्रिंगची जमीन उडीला उसळी देते. बास्केटबॉलच्या मैदानावर ती नसते, म्हणून जिममध्ये जमलेली टक मैदानावर गुडघ्यांवर येऊ शकते. मनगटे, घोटे आणि कंबर ही दुखण्याची नेहमीची ठिकाणे.

येत असलेली उडी एके दिवशी अचानक अडते, तिला ‘मेंटल ब्लॉक’ म्हणतात. अंगात ताकद तीच असते, पण पाय सुटत नाहीत. अशा वेळी पुन्हा उतारावर नेतात. प्रशिक्षकाचा हात पाठीला नुसता टेकलेला असतो, जोर काहीच लावत नाही. तरी तो काढला की उडी परत अडते.