बेस स्टेशनची सुरक्षित उभारणी : ठाणे व नवी मुंबई

बेस स्टेशन म्हणजे मोबाइल फोनशी रेडिओलहरींनी संपर्क ठेवणारी यंत्रणा. टॉवरवर, खांबावर किंवा इमारतीच्या गच्चीवर ती बसवताना काम करणारा, खालून जाणारा आणि शेजारी राहणारा यांपैकी कोणालाही इजा होऊ नये म्हणून जी कार्यपद्धती पाळतात, तिला सुरक्षित उभारणी म्हणतात. वर अँटेना, तिच्या पाठीशी रिमोट रेडिओ युनिट, म्हणजे तिला रेडिओलहरी पुरवणारा डबा. खाली कपाटात संदेशांवर प्रक्रिया करणारे बेसबँड युनिट, एसी विजेची डीसी करणारा रेक्टिफायर आणि बॅटऱ्या. दोहोंना जोडणारी फायबर व वीजवाहिनी. आणि सगळ्यांना जमिनीशी बांधणारे अर्थिंग, अशी तिची मांडणी असते. धोके चार : उंची, वीज, वजन आणि रेडिओलहरींचे प्रारण. पहिल्या तिघांची भीती अंगात मुरलेली असते. चौथा दिसत नाही, त्याला वास नाही, आवाज नाही. म्हणून साइटवरची शिस्त सर्वांत आधी तिथेच ढिली पडते.

दूरसंचाराच्या हिशेबात ठाणे आणि नवी मुंबई मुंबई परिमंडळातच मोडतात. लँडलाइनचा ०२२ हा कोडही तिन्ही शहरांना एकच. साइटचे रूप मात्र गल्लीगणिक बदलते. नौपाडा, कोपरी भागांत जुन्या बुटक्या इमारतींच्या गच्च्या, घोडबंदर रस्त्यावर उंच संकुले, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांचे सिमेंटचे पत्रे, तर १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या वाशी-नेरूळमध्ये सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशेजारचे खांब. त्यामुळे पहिले काम पाहणीचे. ठाणे महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यातला ‘सी-१’ हा शेरा म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करायची इमारत. यादीत नाव नाही एवढ्यावर भागत नाही. खांब, कपाट, बॅटऱ्या यांचे वजन आणि खांबाला बसणारा वाऱ्याचा रेटा तुळया-कॉलमांवर नीट उतरतो का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासून लिहून द्यावे लागते. बॅटऱ्यांचा रॅक तुळई सोडून स्लॅबच्या मधोमध टेकवणे किंवा वॉटरप्रूफिंगमध्ये बेधडक भोके पाडणे, या चुकांचा त्रास खाली राहणाऱ्या कुटुंबाला होतो, आणि पहिल्याच पावसात होतो.

खाडीकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडावरचा जस्ताचा थर लवकर झिजतो. बोल्टाचे डोके धडधाकट दिसते आणि आत आटे गंजलेले असतात. जुन्या खांबावर नुसत्या नजरेचा भरवसा नको. सिमेंटच्या पत्र्यावर तर थेट पाय देऊच नये. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाल्लेला पत्रा भार पडताच फुटतो आणि खाली कारखान्याची यंत्रे असतात. पत्रे पेलणाऱ्या कैच्यांवर (छताच्या त्रिकोणी चौकटींवर) टेकणाऱ्या फळ्या टाकून, दोर बांधूनच त्यावर चालायचे. वर आग्या मधमाश्यांचे मोहोळ नाही ना, हेही खालूनच पाहून घ्यावे. शिडीच्या मध्यावर असताना त्या उठल्या तर पळायला जागा नसते.

प्रारणाविषयी गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. मोबाइलच्या लहरी क्ष-किरणांसारखे आयनीकरण करत नाहीत. त्या ऊतके तापवतात. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसल्याने तिथली उष्णता वाहून जात नाही, म्हणून डोळे विशेष जपावे लागतात. भारतात नागरिकांसाठी १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश इतकी कडक मर्यादा लागू आहे : ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ वॅट आणि २००० च्या पुढे १ वॅट. अँटेनाचा झोत आडवा, किंचित खाली झुकलेला असतो. म्हणून खांबाच्या थेट खालच्या घरात प्रारण बहुधा कमी, आणि समोरच्या, त्याच उंचीच्या खिडकीत तुलनेने जास्त. पण अँटेनाच्या तोंडाशी हातभर अंतरावर पाना घेऊन उभ्या राहणाऱ्या रिगरची, म्हणजे वर चढून साहित्य बसवणाऱ्या कामगाराची, गोष्ट निराळी. तिथे या मर्यादा सहज ओलांडल्या जातात.

खरी अडचण भागीदारीतून येते. एकाच टॉवरवर तीन-चार कंपन्यांच्या अँटेना असतात. नियंत्रण कक्षाला फोन करून सेक्टर (एका दिशेला तोंड करून असलेल्या अँटेनाचा विभाग) बंद करायला सांगितले की आपल्या कंपनीचा सेक्टर बंद होतो. दोन हात वर लागलेली दुसऱ्या कंपनीची अँटेना चालूच राहते. कधी नोंदीतला ‘बीटा’ सेक्टर प्रत्यक्षात वेगळ्याच दिशेला तोंड करून असतो. कधी दुपारी पाळी बदलते आणि नवा माणूस तक्रार आली म्हणून सेक्टर पुन्हा उघडतो. फाइव्ह-जीच्या नव्या अँटेना झोत वळवून ज्या फोनला हवा त्याच्याकडे पाठवतात, त्यामुळे आता समोर कोणी फोन वापरत नाही म्हणून धोका नाही, हा तर्कही चालत नाही. फोनवरचे ‘बंद केलंय’ ऐकून चढणे ही प्रस्तुत लेखकाच्या मते या कामातली सर्वांत घातक सवय आहे. छातीला प्रारण-मापक लावावा, खाली त्या सेक्टरच्या रेडिओ युनिटचा ब्रेकर स्वतः पाडून त्याला कुलूप व नावाची चिठ्ठी लावावी, दुसऱ्या कंपन्यांची परवानगी लेखी घ्यावी आणि मापक वाजला तर वाद न घालता खाली यावे.

उंचीवरच्या कामाला पूर्ण अंगाचा हार्नेस (भारतीय मानक आयएस ३५२१), हनुवटीला पट्टा असलेले हेल्मेट आणि दोन हुकांचा दोर लागतो. शिकलेला रिगर चढताना पाहावा : एक हूक वरच्या आडव्या अँगलला अडकतो, चापाचा ‘टक’ असा आवाज येतो, मगच खालचा सुटतो. दोन्ही हूक एकाच वेळी मोकळे असा क्षण येतच नाही. पान्यालाही दोरी असते. फाइव्ह-जीची अँटेना २५ ते ४० किलोंची. ती कप्पीवरून चढवताना दुसऱ्या दोरीने खालून बाजूला ओढून धरावी लागते, नाहीतर ती टॉवरवर आदळते. खाली पट्टी बांधून माणूस उभा करायचा. नौपाड्यातल्या अरुंद गल्लीत शाळा सुटायच्या वेळी असे ओझे चढवूच नये. पडता पडता हार्नेसला लटकलेला माणूस वाचला असे समजून स्वस्थ बसणे चूक आहे : पट्ट्यांत लोंबकळताना रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. त्यामुळे सुटकेचा दोर आणि तो वापरता येणारा दुसरा माणूस साइटवरच हवा. १०८ची रुग्णवाहिका आली तरी ती जमिनीवरच येते.

विजेचा पुरवठा ऋण ४८ व्होल्टचा असतो, म्हणजे धन बाजू जमिनीला जोडलेली. अनेक कंपन्यांच्या साहित्यात निळी वायर हीच भारित आणि काळी परतीची. घरगुती वायरिंगमध्ये लाल वायरीला जपायला शिकलेला हात इथे फसतो. ४८ व्होल्टचा झटका सहसा जिवावर बेतत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो-हजारो अँपिअर वाहतात, धातू वितळतो आणि ठिणगी तोंडावर उडते. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवायचे आणि पान्याला इन्सुलेशन हवे. मीटरचा स्विच पाडला तरी बॅटऱ्या चालूच असतात, हे नव्या माणसाला प्रत्यक्ष व्होल्टमीटर लावून दाखवावे. फायबरच्या टोकात डोकावू नये. आतला लेसर दिसत नाही.

अर्थिंगची वायर बसवताना सर्वांत आधी आणि काढताना सर्वांत शेवटी. मे अखेरचे आणि ऑक्टोबरमधले गडगडाटी ढग खाडीवर दिसू लागले की काम थांबवायचे, मग हातातला बोल्ट अर्धा आवळलेला का असेना. इथल्या पावसात आणखी एक बारीक काम फार मोलाचे ठरते. जंपर केबलचा (अँटेना व रेडिओ युनिट जोडणाऱ्या आखूड केबलचा) कनेक्टर टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने, आवळल्यावर त्यावर चिकट रबरी टेप आणि वर पीव्हीसी टेप गुंडाळतात. शेवटचा थर खालून वर न्यायचा, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर चढतो आणि कौलांवरून ओघळावे तसे पाणी बाहेरच्या बाहेर निघून जाते. उलटा गुंडाळला तर पाणी आत शिरते, आणि तो कनेक्टर उघडायला भर जुलैत ओल्या शिडीवरून कोणालातरी चढावे लागते. टेपचा तो वेढा सुरक्षिततेचाच भाग मानला पाहिजे.

उभारणीनंतर प्रारण मर्यादेत असल्याचे स्वप्रमाणपत्र कंपनी दूरसंचार विभागाला देते. २०१७ साली सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर नागरिकांना आपल्या भागातील टॉवरची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीची मागणीही करता येते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ही सोय वापरावी. घोडबंदर पट्ट्यात हा प्रश्न दर काही वर्षांनी नव्याने उभा राहतो : सात मजल्यांवर लावलेल्या अँटेनासमोर नवी इमारत चढत जाते आणि कालपर्यंत मोकळ्या असलेल्या झोतात कोणाचे तरी स्वयंपाकघर येते. तेव्हा दिशा, कल आणि शक्ती नव्याने ठरवावी लागतात. गच्चीच्या दारावर सूचनाफलक लागतो, अँटेनासमोरची जागा साखळीने अडवतात आणि टाकी साफ करणाऱ्यांना व वॉचमनना ती बोट ठेवून दाखवतात. वर नेलेली हत्यारे खाली मोजून घेतात, माणसे मोजतात, आणि शेवटचा माणूस हार्नेस उतरवून सही करतो तेव्हाच नियंत्रण कक्षाला सेक्टर उघडायचा फोन जातो.