तेल आत शिरतं ते नेमकं कधी?

तळलेला मासा म्हणजे नुसतं तेल, त्यात कसलं आलंय पोषण, हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो. विषय बोटाएवढ्या, काट्यांसकट कुरुमकुरुम चावायच्या माशांचा आहे, मोठ्या माशाच्या तुकडीचा नाही.

काट्यांत कॅल्शियम असतं आणि ते मूलद्रव्य असल्यामुळे कढईतल्या उष्णतेने जळून जात नाही. मोठ्या माशाचे काटे ताटाच्या कडेला पडतात, छोट्याचे पोटात जातात. आणि मऊ काट्यांतलं कॅल्शियम अंगी लागतं साधारण दुधातल्याइतकंच. दुधावरून आठवलं, मासे-दूध एकत्र खाल्लं की कोड येतं ही शुद्ध थाप आहे, कोडात आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंगपेशी मारते, दुधाचा काय दोष त्यात.

आता माझा आवडता भाग. मासा सोडल्यावर चर्र होऊन बुडबुडे येतात ना, ते तेल उकळत नसतं. तेल असतं १७०-१८० डिग्रीला, माशात ७०-८० टक्के पाणी, आणि पाण्याला उकळायला १०० पुरे. वाफ झाली की पाण्याचं आकारमान सोळाशे पटींच्या वर जातं, मग ती सालीतल्या बारीक भोकांतून उसळून बाहेर पडते आणि तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. घोळ होतो मासा बाहेर काढल्यावर! गार होताना आतल्या वाफेचं परत पाणी होतं, भोकांतला दाब पडतो, बाहेर हवेचा दाब आहे तसाच, मग सालीला चिकटलेलं तेल आत ढकललं जातं. म्हणजे बरंचसं तेल कढईत नाही, ताटात शिरतं. म्हणून झाऱ्यावर निथळून गरम असतानाच टिपायचं, पाच मिनिटांनी कागद लावून काय उपयोग.

छोट्या माशाची अडचण भूमितीची. लांबी अर्धी केली की पृष्ठभाग एक चतुर्थांश होतो पण वजन एक अष्टमांश, म्हणजे दर ग्रॅममागे साल दुप्पट, तेल धरायला जागाही दुप्पट, आणि १ ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी. शिवाय माशाची स्वतःची चरबी थोडी कढईत उतरते, त्यामुळे ओमेगा-३ च्या नावाने तळलेल्या माशाचे गोडवे गाऊ नयेत. प्रोटीन, बी-१२ मात्र बऱ्यापैकी टिकतं.

आणि साफ करताना मुंडकी उडवायची घाई नको, काही छोट्या जातींत व्हिटॅमिन ए चा मोठा वाटा चक्क डोळ्यांत असतो.