लाल आधी का गेला? लेझर डायोडला झेपेल त्याहून जास्त करंट दिल्यावर काय होतं

गणपती होऊन आठवडा झाला आणि शाहूपुरीतला माझा एक मित्र लेझर लाइटचा डबा काखेत मारून घरी आला, त्याचा मिरवणुकीला लाइट भाड्यानं द्यायचा धंदा आहे. म्हणाला, "बघ की रे, पांढरा लावला की निळसर हिरवा पडायलाय." अशा डब्यात लाल, हिरवा आणि निळा लेझर मिसळून पांढरा होतो, आणि पांढऱ्यातनं लाल गेला की उरतो तो नेमका हाच रंग, त्यामुळं डबा उघडायच्या आधीच काय झालंय ते कळलं. आत कुणी हात घातला होता का विचारलं तर म्हणाला, "लाल जरा फिका वाटत होता, म्हणून प्रीसेट, म्हणजे आतला करंट कमीजास्त करायचा बारका स्क्रू, थोडा फिरवला. दोन रात्री काय झकास दिसला! तिसऱ्या रात्री गेला."

हे "दोन रात्री झकास" प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, म्हणून लिहायला घेतलं.

डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, डायोड चालवायच्या करंटचा जो आकडा असतो तो ओलांडूनही डायोड पेटलेला राहिला की आपल्याला वाटतं कंपनीनं उगाच हातचं राखून लिहिलंय. पण तो आकडा वेळेचा हिशोब धरून दिलेला असतो, म्हणजे एवढ्या करंटला आणि एवढ्या तापमानाला हा इतके हजार तास चालावा असा. जास्त करंटला तो जास्त उजेड देतोच, पण त्या उजेडाची किंमत तासांमध्ये वसूल होते, आणि लाल डायोडच्या बाबतीत कधीकधी सगळीच्या सगळी एका क्षणात.

मी भंगारातल्या डीव्हीडी ड्राइव्हमधले आणि स्वस्तातल्या पॉइंटरमधले लाल डायोड काढून हे घरी करून बघितलंय. साडेपाच मिलिमीटरची बारकी टोपी, तीन पाय, समोर काच. एलएम३१७ या रेग्युलेटर चिपवर करंट बांधायचा, १.२५ भागिले रेझिस्टन्स, म्हणजे २५ ओहमला ५० मिलीअँप. समोर कॅल्क्युलेटरचा जुना सोलर सेल, त्याच्या दोन टोकांना १० ओहम आणि मल्टिमीटर मिलीव्होल्टवर. उजेड जेवढा वाढेल तेवढा आकडा वाढतो. हे सगळं बंद खोक्यात आणि आत मोबाईलवर व्हिडिओ चालू, कारण यात थेट डोळा घालायचा नाही म्हणजे नाही. मिरवणुकीतल्या लेझरनं डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण आपल्याच कोल्हापुरात वाचल्यात, आणि दृष्टीपटलावरचा डाग औषधानं पुसला जात नाही.

पाच मिलीवॅटच्या डायोडचा करंट हळूहळू चढवला की तीसेक मिलीअँपपर्यंत नुसता एलईडीसारखा मंद उजेड असतो, आणि मग एकदम कागदावरच्या ठिपक्यात दाणे दिसायला लागतात, चमकणारी वाळू पसरल्यासारखे. ते दाणे म्हणजे लेझर सुरू झाल्याची खूण. सगळ्या लाटा एका तालात असतात, त्या कागदाच्या खडबडीत पृष्ठभागावरनं परतताना एकमेकींत मिसळतात, कुठं वाढतात कुठं खोडल्या जातात. पुढं करंट वाढवत नेला की उजेड सरळ रेषेत वाढतो, ठरलेल्या आकड्याच्या पलीकडंही वाढतो, सगळं छान चाललेलं असतं आणि मल्टिमीटरचा आकडा खाडकन खाली येतो. व्हिडिओ मागं घेऊन बघितला तर एका फ्रेममध्ये दाणे आहेत आणि पुढच्या फ्रेममध्ये नाहीत. करंट तेवढाच, व्होल्टेज जवळजवळ तेवढंच, लाल उजेडही थोडा आहे, पण आता तो लेझर नाही, साधा एलईडी झालाय.

झालं काय तर टोपीच्या आत मिठाच्या खड्यापेक्षा लहान चिप असते आणि तिची दोन टोकं हेच लेझरचे आरसे. उजेड बाहेर पडायची जागा साधारण एक मायक्रॉन उंच आणि तीन-चार मायक्रॉन रुंद. पाच मिलीवॅट म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण एवढ्याशा जागेतनं जाताना त्याची तीव्रता भर दुपारच्या उन्हाच्या दहा लाख पटीहून जास्त होते. आता क्रिस्टल जिथं कापला जातो तिथं अणूंचे काही बंध उघडे राहतात, थोडं ऑक्सिडेशन झालेलं असतं, आणि ही जागा स्वतःच्याच उजेडातला थोडासा पिते. पिली की तापते. तापली की सेमीकंडक्टरची बँडगॅप, म्हणजे उजेड पिण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, कमी होते आणि ती आणखी उजेड पिते, मग आणखी तापते. हे चक्र एका हद्दीपलीकडं गेलं की तापमान हजार अंशाच्या वर जाऊन आरसा वितळतो, आणि याला मायक्रोसेकंदसुद्धा पुरतो. फ्यूज मध्ये पडून वाचवेल म्हणाल तर फ्यूजला एवढी घाई जमत नाही. डीव्हीडी रायटरचे डायोड पॉइंटरच्या डायोडपेक्षा कितीतरी जास्त सोसतात, कारण जास्त पॉवरच्या लाल डायोडमध्ये आरशाजवळचा भाग मुद्दाम उजेड न पिणारा केलेला असतो.

आमच्या उद्यमनगरात ऑइल इंजिन टेस्टला लावलं की दहा टक्के ओव्हरलोडवर तासभर चालवायची पद्धत. इंजिन धूर सोडतं, आवाज बदलतो, मिस्त्रीच्या कानाला आधीच कळतं. लाल डायोड असा खोकत नाही. निळे गॅलियम नायट्राइडचे डायोड आरशाच्या बाबतीत जास्त कणखर, ते बहुतेक वेळा हळूहळू उतरत जातात.

मग हजारो तासांचे आकडे कंपन्या काढतात कसे, तेवढा वेळ कोण थांबणार? समुद्राखालच्या केबलमधले पंप लेझर, म्हणजे वाटेत सिग्नलला जोर देणारे लेझर, २५ वर्षांच्या हिशोबानं बसवतात, म्हणजे २,१९,००० तास. म्हणून भरपूर डायोड गरम ओव्हनमध्ये चालवायचे आणि उजेड २० टक्क्यांनी उतरला किंवा तेवढाच उजेड राखायला करंट ठराविक टक्के जास्त लागला की तो संपला असं धरायचं. झीज म्हणजे एक प्रकारची रासायनिक क्रियाच, तापमानानं ती किती भरभर होते याचं गणित स्वीडनच्या अऱ्हेनियसनं १८८९ मध्ये मांडलं. पण यात मेख आहे. ८५ अंशाला १००० तास टिकलेला डायोड २५ अंशाला किती टिकेल? सक्रियण ऊर्जा, म्हणजे ती झीज घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली तर सुमारे २६,००० तास, म्हणजे तीन वर्षं. ०.७ धरली तर सुमारे ९६,००० तास, म्हणजे अकरा वर्षं. चाचणी तीच, डायोड तेच! म्हणून दोन-तीन वेगळ्या तापमानांना चाचणी घेऊन ती ऊर्जा आधी मोजावी लागते.

आणि याहून महत्त्वाचं, जे मला स्वतःला फार उशिरा कळलं: चाचणीत डायोड ज्या कारणानं मरतो त्याच कारणानं तो रोजच्या वापरात मरणार असेल तरच हे गणित लागू पडतं. मी डबल करंट देऊन आरसा वितळवला आणि त्यावरनं नेहमीच्या करंटला किती टिकेल ते काढायला बसलो तर तो हिशोब मुळातच चुकीचा, कारण नेहमीच्या करंटला आरसा वितळतच नाही, तिथं आतल्या क्रिस्टलमधले दोष वर्षानुवर्षं हळूहळू पसरतात. माझ्या सुरुवातीच्या वहीतली पानंच्या पानं अशी वाया गेली. त्यातले काही डायोड तर टेस्टला लागायच्या आधीच मेले होते: ड्रायव्हरच्या आउटपुटला कपॅसिटर, डायोडची वायर निघालेली, त्यामुळं कपॅसिटर पूर्ण व्होल्टेजला भरलेला, आणि मी वायर परत लावली की सगळा साठा एका झटक्यात डायोडमध्ये. तेव्हा मला वाटायचं मालच खराब आहे.

१९६२ मध्ये पहिले सेमीकंडक्टर लेझर चालले ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून आणि तेही फक्त पल्सवर, म्हणजे क्षणाक्षणाच्या झटक्यांनी. खोलीच्या तापमानाला सलग चालणारे १९७० मध्ये जमले, लेनिनग्राडला अल्फेरोव्हच्या गटाला आणि अमेरिकेत बेल लॅब्समध्ये हायाशी आणि पॅनिश यांना, पण ते फार वेळ जगायचे नाहीत. मेलेल्या डायोडची चिप मायक्रोस्कोपखाली घेतल्यावर क्रिस्टलमध्ये वाढत गेलेल्या काळ्या रेषा दिसल्या, त्यांचं मूळ शोधत क्रिस्टल सुधारत गेले आणि त्याच दशकात आयुष्य वर्षांवर गेलं.

आता मित्राचा डबा. लाल डायोडचा एक स्वभाव असा की तापला की लेझर सुरू व्हायलाच जास्त करंट लागतो, म्हणजे त्याच करंटला उजेड कमी. मागची जाळी काढली तर फॅनचा फिल्टर गुलालानं गच्च भरलेला, बोटानं दाबला तर गुलालाचा थरच हातात आला. ट्रकवर जनरेटरशेजारी रात्रभर चालू, हवा आत जात नाही, म्हणून लाल फिका पडला आणि ह्यानं प्रीसेट फिरवला. मग पुढचा थोडा थंड क्षण आला की त्याच वाढवलेल्या करंटला उजेड आणखी चढणार आणि आरशावर सगळा भार येणार.

तो डायोड बदलावाच लागला. पण त्याच्याकडं तसलाच दुसरा डबा होता, त्यातही लाल फिका. त्याचा फक्त फिल्टर धुतला, फॅन ब्रशनं साफ केला आणि तासभर चालवून बघितलं, प्रीसेटला हात न लावता. भिंतीवर परत पांढरा पडला.