डबेवाल्यांना 'सिक्स सिग्मा' दिलं कोणी?

सोलापुरात एमबीएचा कुठलाही सेमिनार असू दे, एक स्लाइड ठरलेलीच: 'फोर्ब्सने मुंबईच्या डबेवाल्यांना सिक्स सिग्मा सर्टिफिकेट दिलं, १.६ कोटी डब्यांत एकच चूक.' सिक्स सिग्मा म्हणजे जवळजवळ बिनचूक कामाचा दर्जा. असं सर्टिफिकेट फोर्ब्सने दिलेलंच नाही. ते अमेरिकन नियतकालिक आहे हो! १९९८ साली त्यात डबेवाल्यांवर लेख आला. त्यात आपण 'सिक्स सिग्मा' हा शब्दसुद्धा वापरला नव्हता, असं लेखकानेच पुढे सांगितलं.

मग आकडा? चुका किती होतात, या लेखकाच्या प्रश्नावर डबेवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांचं उत्तर होतं, दोन महिन्यांतून एखादी. रोज दोन लाख डबे, जाऊन-येऊन चार लाख फेऱ्या, कामाचे चाळीस दिवस धरा, झाले १.६ कोटी! म्हणजे तोंडी अंदाजाचा गुणाकार.

सिक्स सिग्मा म्हणजे चूक होण्याच्या दहा लाख संधींमागे ३.४ दोष, आणि ते मोजावे लागतात. टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर तुटका धागा, तेलाचा डाग, वाकडी किनार बाजूला काढून वहीत मांडतात ना, तसे.

डबे क्वचितच चुकतात, हे मात्र खरं. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये त्यावर केस स्टडी लिहिली. तिच्यात बघण्यासारखं आहे ते झाकणावरच्या खुणांचं आणि डबेवाल्यांच्या गटांच्या बांधणीचं वर्णन.