राफ्टमध्ये बसण्याआधी पाण्याचं थोडं गणित

कोलाडला राफ्टिंगचं ठरलं की आयोजकांचा पहिला तगादा असतो तो वेळेचा. सकाळी लवकर पोहोचा, पाणी निघून गेलं तर आमच्या हातात काही नाही. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून पुण्याहून किंवा ठाण्याहून निघायचं म्हणजे जिवावर येतं. नदी काय पळून जाणार आहे का, असंही मनात येतं. कोलाडच्या कुंडलिका नदीपुरतं सांगायचं तर हो, पळून जाते. कारण तिथल्या राफ्टिंगचं पाणी मुळात तिचं नाहीच.

ते मुळशीचं आहे. मुळशी धरण म्हणजे तेच, ज्याच्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. मुळेचं हे पाणी एरवी पुण्यावरून भीमेत, मग कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. टाटांनी ते सह्याद्रीतून पश्चिमेला वळवलं आणि सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. इतक्या उंचीवरून उतरलेलं एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार लिटर, जेमतेम सव्वा युनिट वीज देतं. वीजघराच्या जुन्या संचांची क्षमता १५० मेगावॉट. हिशेब मांडला तर ते पूर्ण क्षमतेने चालताना दर सेकंदाला पस्तीसेक टन पाणी टर्बाइनांतून खाली येतं. काम संपलेलं हे पाणी कुंडलिकेत सोडतात, आणि ते रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. ताम्हिणीमार्गे जाणाऱ्या पुणेकरांना गाडीच्या खिडकीतून मुळशीचा जलाशय दिसतो. राफ्टखाली येणारं पाणी तिथूनच येतं.

वीजनिर्मिती मागणीप्रमाणे कमीजास्त होते, तसं खालचं पाणीही चढतं-उतरतं. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या बहुतेक नद्यांत नुसते गोटे उरलेले असताना इथे मात्र सकाळी पाणी सुटलं की बारा-तेरा किलोमीटरच्या पट्ट्यात खळाळ उठतात. त्या पाण्याबरोबरच राफ्ट निघाल्या पाहिजेत.

पहिल्यांदा जाणाऱ्यांचा प्रश्न बहुधा कपड्यांचा असतो, तो आधी उरकून घेऊ. सुती कपडे आणि जीन्स घरी ठेवा. सूत पाणी धरून ठेवतं, जड होतं, आणि वारा लागला की बाष्पीभवनाने अंग गार पडतं. नायलॉन-पॉलिएस्टरचे खेळाचे कपडे बरे. पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट. चप्पल पहिल्या खळाळातच जाते. चष्म्याला दोरी बांधा, अंगठी-साखळी काढून ठेवा, आणि मोबाइल गाडीत राहू द्या, कारण हात पॅडलवरच लागणार आहेत. निघताना पोहे खाल्ले तर चालतात, मिसळ परतीच्या वाटेवर. दमा, हृदयविकार, फिट्स, निखळणारा खांदा, गरोदरपण यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आयोजकांना सांगा. ते लपवून राफ्टमध्ये बसणारे लोक असतात, हे दुर्दैव.

खरी तयारी काठावर होते, गाईडच्या सूचना ऐकताना. आणि नेमका त्याच वेळी निम्मा गट सेल्फीत गुंतलेला असतो. या सूचना नीट ऐकल्या तर एक गंमत लक्षात येते. घाबरलेलं शरीर जे करू पाहतं, त्याच्या जवळजवळ प्रत्येक वेळी उलटं करायला गाईड सांगतो. तो धाडसाचा धडा देत नसतो. वाहत्या पाण्याच्या नियमांनीच तसं करणं भाग असतं.

पहिली सूचना बसण्याची. राफ्टच्या आत, मध्यभागी, दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट धरून बसावं असं वाटतं. बसायचं असतं मात्र बाहेरच्या फुगीर नळीवर, एक पाय तळाशी अडकवून. कारण साधं आहे: आत बसलेल्याचं पॅडल पाण्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि पॅडल चालली नाहीत तर राफ्ट वळवता येत नाही. प्रवाहाच्याच वेगाने नुसती वाहत जाणारी वस्तू प्रवाहाच्या तुलनेत स्थिर असते. तिला दिशा द्यायची तर पाण्यापेक्षा जास्त किंवा कमी वेग हवा, आणि तो आठ हातांतून किंवा बारा हातांतून येतो. पॅडलच्या वरच्या टोकाला इंग्रजी टीच्या आकाराची मूठ असते, तिच्यावरचा हात काही झालं तरी सोडायचा नाही. सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते.

या नळ्यांतल्या हवेचा दाब गाडीच्या चाकाच्या मानाने अगदी थोडा, दोन-अडीच पीएसआय. चाकात तीसेक असतो. कमी दाबामुळे राफ्ट दगडावर आपटली तरी फाटण्याऐवजी दबते आणि उसळून बाजूला होते. काठावर उन्हात ठेवलेल्या राफ्टमधली हवा तापून प्रसरण पावते, म्हणून गाईड मधूनच थोडी हवा सोडताना दिसतो. तीच राफ्ट गार पाण्यात शिरली की पुन्हा मऊ पडते, मग पंप लागतो. आत शिरलेलं पाणी मात्र उपसावं लागत नाही. फुगवलेला तळ बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर राहतो आणि पाणी कडेच्या भोकांतून आपोआप निघून जातं.

आता लाटा. समोर पांढरी भिंत उभी राहिली की हात थांबतात, मान खाली जाते. गाईड त्याच क्षणी ओरडतो, 'फॉरवर्ड! फॉरवर्ड!' का, ते समजायला स्वयंपाकघरातलं सिंक पुरेसं आहे. नळाची धार सपाट तळावर पडू द्या. धारेभोवती पाण्याचा पातळ, चकचकीत थर वेगाने पसरतो आणि काही अंतरावर एका वर्तुळात अचानक उचलला जाऊन जाड, संथ होतो. नदीत हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. बुडालेल्या खडकावरून पाणी घसरतं तेव्हा त्याचा वेग पृष्ठभागावरच्या लाटांच्या वेगापेक्षा जास्त होतो. अर्धा मीटर खोल पाण्यात अशा लाटा सेकंदाला साधारण सव्वादोन मीटरने सरकतात. प्रवाह त्याहून वेगवान असेल तर कोणतीही लाट उलट दिशेला जाऊच शकत नाही. खाली आल्यावर हे धावतं पाणी खोल, संथ पाण्याला भिडतं आणि तिथे उसळी घेतं. शास्त्रात तिला हायड्रॉलिक जंप म्हणतात. खालून पाणी पुढे जात असतं, पण वरचा थर उलटा, खडकाकडे कोसळत असतो.

त्या उसळीत हवा मिसळते. असंख्य बुडबुडे सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, म्हणून ते पाणी पांढरं दिसतं. राफ्टच्या दृष्टीने रंगाइतकीच घनताही महत्त्वाची. अर्धी हवा मिसळलेल्या फेसाची घनता पाण्याच्या निम्मी असते. त्यात पॅडल मारलं तर हाताला काहीच लागत नाही, नुसतं वारा कापल्यासारखं वाटतं, आणि जोर लावलेला माणूस तोल जाऊन पुढे झुकतो. म्हणून पातं खोल घालायचं, फेसाखालच्या हिरव्या पाण्यापर्यंत. ते पाणी पुढेच चाललेलं असतं. सहा माणसं, गाईड आणि राफ्ट मिळून पाचशे-सहाशे किलोंचं वजन वेगाने आलं तर उलटा थर त्याला अडवू शकत नाही. हात थांबवलेत तर तीच लाट राफ्ट धरून ठेवते.

सगळ्यांत अवघड आज्ञा मात्र 'हाय साइड'. राफ्ट आडवी होऊन खडकाला टेकली की प्रत्येक जण खडकापासून दूर झुकतो. हे अगदी नैसर्गिक आहे आणि अगदी चूक. दूर झुकणं म्हणजे प्रवाहाच्या बाजूच्या नळीवर भार देणं. ती नळी दबली की पाणी तिच्यावरून आत घुसतं, राफ्ट उभी होते आणि खडकाला गुंडाळली जाते. मग तिला सोडवायला दोर-कप्प्या लागतात. म्हणून सगळ्यांनी खडकाच्याच बाजूला झेप घ्यायची. हा प्रकार काठावर कोरड्या राफ्टमध्ये दोनदा तरी करून पाहावा. गाईडने करवून घेतला नाही तर मागून घ्यावा.

पाण्यात पडलात तर? कोलाडला बहुतेक खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे. श्रेणी एक ते सहा असतात, सहावी म्हणजे जवळजवळ अशक्य. तरी पडण्याची तयारी ठेवावीच. माणसाची घनता पाण्याच्या अगदी जवळ असते. छाती भरून श्वास घेतला तर आपण कसेबसे तरंगतो, पण डोकं पाण्याबाहेर राहत नाही. डोक्याचं वजन चार-पाच किलो. ते वर ठेवण्यापुरतं बळ लाइफ जॅकेटने द्यायचं, म्हणून त्याचा फोम सत्तर किलोचं नव्हे, सात ते दहा किलोंचंच वजन पेलतो आणि तेवढं पुरतं. पण ते बळ जॅकेटला वर ढकलतं, अंगाला नव्हे. पट्टे ढिले असतील तर जॅकेट कानांपर्यंत चढतं आणि माणूस त्याच्या आत खाली राहतो. काठावर शेजाऱ्याला तुमच्या जॅकेटचे खांदे धरून जोरात वर ओढायला सांगा. ते हनुवटीला लागलं तर पट्टे आणखी आवळा. पोहता येत असो वा नसो, ही तपासणी सर्वांसाठी.

पाय टेकवून उभं राहायचं नाही, ही सूचना गाईड दोन-तीनदा सांगतो, तरी लोक उभे राहतात. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. मांड्यांपर्यंत पाण्यात उभ्या माणसाच्या पायांवर सेकंदाला एक मीटर वेगाने सातेक किलोंचा रेटा येतो, दोन मीटरला तीस किलोंचा, तीन मीटरला पासष्टच्या पुढे. अशात पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकलं तर प्रवाह अंगाला पुढे पाडून दाबून धरतो, आणि पाणी कंबरभरच असलं तरी तोंड वर काढता येत नाही. म्हणून पाठीवर पडायचं, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याबाहेर दिसतील इतके वर. दगड आला तर तळव्यांनी ढकलायचा. बचावाचा दोर टाकला तर तो धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही, आणि खांद्यावरून घेऊन पाठीवरच राहायचं. दोराकडे तोंड केलं तर पाणी थेट नाका-तोंडात शिरतं.

ऋषिकेशला जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. शिवपुरीपासून खाली येताना गंगेचं पाणी हिमालयाच्या बर्फाचं असतं, आणि पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या पंचवीसेक पट. थंडगार पाण्यात पडताच छातीत आपोआप मोठा श्वास ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. हा झटका मिनिटाभरात ओसरतो. तेवढा वेळ पोहायची धडपड न करता श्वास ताब्यात आणायचा. तिथे पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, राफ्टिंग बंद असतं.

आणि बंधारा. नैसर्गिक खडकाखालची उसळी वेडीवाकडी असते, तिच्या कडेने पाणी कुठेतरी बाहेर पडतं. बंधाऱ्याखालची उसळी मात्र या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, अखंड असते. वरून पाणी गुळगुळीत चादर होऊन पडतं, उंची फार तर पुरुषभर, त्यामुळे बघणाऱ्याला ते खेळण्यासारखं वाटतं; खाली गेलेली वस्तू पृष्ठभागावर येते, उलटी भिंतीकडे ओढली जाते, पुन्हा खाली जाते. फेसामुळे जॅकेटचंही बळ घटलेलं असतं. पावसाळ्यात कोल्हापुरी बंधाऱ्यांवरून पाणी वाहत असताना त्यात उड्या मारणं जिवावर बेततं, ते याच कारणाने. नदीवर असा बंधारा आला, गाईडने राफ्ट काठाला लावली आणि उतरून चालत पुढे जायला सांगितलं, तर हेल्मेट न काढता उतरा आणि चाला.