सेंद्रिय अम्ले व खनिजे, खोल खडकांतील

गाळाच्या खडकांत गाडल्या गेलेल्या जैव पदार्थांपासून तयार होणारी अम्ले खडकाच्या छिद्रांतील पाण्यात उतरतात आणि फेल्स्पार, कॅल्साइट इ. खनिजांशी विक्रिया करतात. काही खनिजे त्यामुळे विरघळतात, काही नव्याने बनतात आणि खडकाची सच्छिद्रता बदलते. माती व वनस्पतिमुळांजवळील अम्लांचा विचार येथे केलेला नाही.

या अम्लांत ॲसिटिक अम्ल प्रमुख असून प्रोपिऑनिक व ब्युटिरिक अम्ले त्याखालोखाल आढळतात. विल्यम कॅरोथर्स व यूसिफ खराका यांनी १९७८ मध्ये कॅलिफोर्निया व टेक्सासमधील तेलक्षेत्रांच्या पाण्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानुसार सुमारे ८०° से. पेक्षा कमी तापमानात अम्लांचे प्रमाण अल्प असते, कारण तेथे जीवाणू ती वापरून टाकतात. ८० ते २००° से. या पट्ट्याच्या आरंभी ते सर्वाधिक, लिटरमागे सुमारे ५,००० मिग्रॅ.पर्यंत असते, पुढे तापमानाबरोबर घटत जाते. ॲसिटिक अम्लाचे मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड यांत अपघटन होते, हे या घटीचे नेहमीचे स्पष्टीकरण. मात्र प्रयोगशाळेत या अपघटनाचा वेग पात्राच्या धातूनुसार अनेक पटींनी बदलतो: पोलादात जलद, सोने व टिटॅनियम यांत अतिशय मंद. त्यामुळे असे वेग खडकांना जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरते. एव्हरेट शॉक यांनी १९८८ मध्ये निराळाच विचार मांडला. त्यांच्या मते ॲसिटेट (ॲसिटिक अम्लापासून बनणारा आयन) व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्यात अर्धस्थिर (पूर्ण स्थिर नसलेला, पण दीर्घकाळ टिकणारा) समतोल असतो व पाण्यातील प्रमाण त्यावर ठरते.

एक तांत्रिक बाब येथे नोंदवली पाहिजे. अनुमापनाने (ज्ञात तीव्रतेचे अम्ल थोडे थोडे घालून) पाण्याची क्षारता, म्हणजे अम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता, मोजताना ॲसिटेट आयनही अम्ल शोषून घेतो आणि ती सर्व क्षारता बायकार्बोनेटच्या खात्यावर जमा होते. हे १९७५ मध्ये दाखवून देण्यात आले. तेलक्षेत्रांतील पाण्यांच्या जुन्या विश्लेषणांवरून काढलेली कॅल्साइटची संपृक्तता (पाणी ते विरघळवील की साचवील याचे माप) म्हणून जपूनच वापरावी.

खरा वाद आहे तो दुय्यम सच्छिद्रतेचा. पुरलेल्या वालुकाश्मांतील बरीच छिद्रे मूळची नसून खनिजे विरघळून झालेली आहेत, हे व्होल्कमार श्मिट व डेव्हिड मॅकडोनाल्ड यांनी १९७९ मध्ये ठसठशीतपणे मांडले. विरघळवणारे अम्ल आले कोठून? रोनाल्ड सर्डम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये उत्तर दिले : तेलनिर्मितीच्या सुमारास शेलमधील (चिकणमातीच्या पातळ थरांच्या खडकातील) केरोजेनापासून, म्हणजे ज्यापासून तेल बनते त्या घन जैव पदार्थापासून, सुटलेली अम्ले वालुकाश्मात शिरतात. फेल्स्पार विरघळताना सुटलेले ॲल्युमिनियम एरवी जागीच केओलिनाइट या मृद्खनिजाच्या रूपाने बसते. ऑक्झॅलेटसारखे आयन त्याला जटिल संयुगात धरून ठेवतात, म्हणून ते दूर वाहून जाऊ शकते. कल्पना आकर्षक आहे, पण हिशेब जुळत नाही. ऑक्झॅलेटची कॅल्शियमशी गाठ पडली की अल्पविद्राव्य कॅल्शियम ऑक्झॅलेट अवक्षेपित होते, त्यामुळे कॅल्शियमयुक्त पाण्यात ते फारसे साठू शकत नाही. शिवाय ॲसिटिक अम्लाचा पीके (ज्या पीएचला अम्लाचे निम्मे रेणू आयनरूपात जातात तो अंक) सुमारे ४.८ असल्याने ६ पीएचच्या पाण्यात १०० पैकी जेमतेम ५-६ रेणूच अम्लरूपात उरतात. बाकीचे ॲसिटेट पीएच स्थिर राखण्याचे काम करते. तेथे कार्बन डाय-ऑक्साइड वाढला तर कॅल्साइट विरघळण्याऐवजी उलट साचू शकते. पॉल लुंडेगार्ड व सहकाऱ्यांनी टेक्सासच्या फ्रिओ वालुकाश्मासाठी वस्तुमानाचा ताळेबंद मांडला (१९८४), तेव्हा केरोजेनापासून मिळणारा कार्बन डाय-ऑक्साइड (पाण्यात विरघळून तोही अम्ल बनवतो) निरीक्षित सच्छिद्रतेला अपुरा पडला. वाटेतले शेलमधील कार्बोनेट अम्लाचा बराचसा भाग आधीच खाऊन टाकते, हीही अडचण आहेच. उत्तर समुद्रातील वालुकाश्मांबाबत क्नुट बियॉर्लिक्के यांनी फेल्स्पारच्या झिजेचे श्रेय पृष्ठभागाजवळ मुरलेल्या पावसाच्या पाण्याला दिले. एकंदरीत सेंद्रिय अम्लांचा परिणाम स्थानिक, म्हणजे स्रोतखडकाला (ज्यात तेल व अम्ले तयार होतात त्या खडकाला) लागून असलेल्या थरांपुरता मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

तेलविहिरींच्या अम्लोपचारात (विहिरीत अम्ल सोडून भोवतालच्या खडकातील वाटा मोकळ्या करण्यात) ॲसिटिक व फॉर्मिक अम्ले वापरली जातात. उच्च तापमानात ती हायड्रोक्लोरिक अम्लापेक्षा मंद विक्रिया करतात व नळ्या कमी गंजवतात.

स्फटिकी (अग्निज व रूपांतरित) खडकांतील अशा अम्लांच्या नोंदी मोजक्या आहेत. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात किड क्रीक खाणीत सुमारे २.४ किमी. खोलीवर, २७० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांच्या भेगांतील पाण्यात ॲसिटेट व फॉर्मेट (फॉर्मिक अम्लाचा आयन) विपुल आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे केरोजेनाचा संबंध नाही; किरणोत्सर्गाने पाण्याचे विघटन होऊन सुरू झालेल्या निर्जैव विक्रियांतून ती बनली असावीत, असे संशोधकांचे मत आहे.